आधी खाटा, मग पाटी: जुईनगरकरांचा जाहीर इशारा

नवी मुंबई महानगरपालिका, सिडको, राज्याचा वैद्यकीय शिक्षण विभाग आणि भागीदारीच्या नावाने इथे वैद्यकीय कॅम्पस उघडू पाहणारे प्रत्येक विद्यापीठ, मग ते देशी असो की परदेशी, यांच्यासाठी हा इशारा आहे. जुईनगर, शिरवणे, सानपाडा, नेरूळ या पट्ट्यात आम्ही राहतो. आमच्या रुग्णालयांतल्या खाटा आणि आमच्या गावांच्या जमिनी वापरून डॉक्टर घडवायचे असतील, तर कराराच्या अटी सही होण्याआधी आमच्या हातात पडल्या पाहिजेत. भूमिपूजन उरकले, पहिली बॅच वर्गात बसली, आणि मग आम्ही माहिती अधिकाराचे अर्ज टाकत अटी शोधत फिरायचे, हे यापुढे चालणार नाही.

हे आत्ताच सांगण्याला कारण आहे. १४ जून २०२५ रोजी मुंबईत मुख्यमंत्री आणि केंद्रीय शिक्षणमंत्र्यांच्या उपस्थितीत पाच परदेशी विद्यापीठांना इरादापत्रे देण्यात आली. ॲबर्डीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीतली एक डिझाइन शिकवणारी संस्था. विमानतळाच्या परिसरात सिडकोची एज्युसिटी उभी राहायची आहे. शिक्षण आपल्या दारात येते आहे याचा आम्हाला आनंदच आहे. पण संगणकाचा किंवा व्यवस्थापनाचा वर्ग काचेच्या इमारतीतल्या एका मजल्यावर भरू शकतो, वैद्यकीय शिक्षणाचा भरू शकत नाही. तिथे रुग्ण लागतो, खाट लागते, रात्री तीन वाजता विद्यार्थ्याच्या शेजारी उभा राहणारा अनुभवी शिक्षक लागतो. इरादापत्राच्या फोटोत यातले काहीच नसते.

ॲबर्डीनमध्ये १४९७ पासून वैद्यकशास्त्र शिकवले जाते. एवढी जुनी परंपरा असलेल्या विद्यापीठालाही भारतात एमबीबीएसची एक जागा भरायची असेल, तर वेगळी परवानगी घ्यावी लागेल. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनी परदेशी विद्यापीठांना इथे कॅम्पस उघडण्याची वाट करून दिली, हे खरे. पण नव्या वैद्यकीय महाविद्यालयाची परवानगी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ च्या कलम २८ खाली, आयोगाच्या मूल्यांकन व मानांकन मंडळाकडूनच घ्यावी लागते. ती हातात येण्याआधी ‘प्रवेश सुरू’ असा फलक जो कोणी लावील, तो आमच्या मुलांना फसवतो आहे असे आम्ही समजू आणि त्याच्याशी त्याच भाषेत बोलू.

यातला सर्वांत घातक प्रकार म्हणजे परदेशी विद्यापीठाचा ‘भागीदार कॅम्पस’ दाखवून विकला जाणारा एमबीबीएस. पहिली दोन वर्षे इथे, घरचे जेवण खाऊन, नंतर विमानाने तिकडे, पदवी परदेशी आणि खर्च निम्मा, असा तो सौदा असतो. पालकांनी नीट वाचावे. आयोगाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी परदेशी पदवीधरांसाठी नियम जारी केले. त्यानुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा. तो सगळाच्या सगळा एकाच परदेशी संस्थेत पूर्ण व्हायला हवा. त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी, आणि भारतात परतल्यावर आणखी १२ महिन्यांची. ज्या देशाची पदवी, त्या देशात डॉक्टर म्हणून नोंदणी होण्याची पात्रताही हवी. प्रशिक्षणाचा कोणताही भाग भारतात किंवा तिसऱ्या देशात केलेला चालत नाही. म्हणजे जुईनगरच्या एखाद्या मजल्यावर काढलेली ती दोन वर्षे मोजली जाणार नाहीतच, उलट त्यांच्यामुळे पुढची सगळी पदवी अडचणीत येईल.

सगळे नियम पाळून, पूर्ण शिक्षण परदेशात घेऊन आलेल्यांची गत काय आहे तेही पाहा. परतल्यावर त्यांना जी परीक्षा द्यावी लागते, तिला ३०० पैकी १५० गुण लागतात. जून २०२५ च्या परीक्षेत उत्तीर्णांचे प्रमाण १८.६१ टक्के होते. शंभरातले ऐंशीहून जास्त जण नापास झाले. ही मुले आळशी होती असे आम्ही म्हणणार नाही. त्यांतल्या कितीतरी जणांना खाटेवरचा रुग्ण पुरेसा बघायलाच मिळाला नसेल, असे आमचे स्पष्ट मत आहे. मे २०२५ मध्ये तर आयोगाला जाहीर सूचना काढून राजस्थान आणि पश्चिम बंगालमधल्या, परवानगी नसताना वैद्यकीय प्रवेश देणाऱ्या दोन संस्थांची नावे सांगावी लागली. शिरवण्याच्या एमआयडीसीत पाळी करणारा बाप पीएफ काढतो, आई गळ्यातले गहाण टाकते. एजंटाच्या कमिशनपायी त्यांचे आयुष्य पणाला लागणार असेल, तर आम्ही पोलिसांत फसवणुकीची फिर्याद देऊ आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे नेऊ. ज्या क्लासचालकाने आपला वर्ग आणि ज्या घरमालकाने आपला गाळा अशा दुकानाला दिला, त्यांची नावेही त्या तक्रारीत असतील. आपल्याच माणसांना हे सांगताना जड जाते, पण सांगावे लागेल.

आता खरोखरच्या, परवानगीच्या वाटेने येणाऱ्या महाविद्यालयांबद्दल. आमचा मुख्य आक्षेप इथे आहे.

आयोगाच्या २०२३ च्या किमान मानकांनुसार १०० विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयाला ४२० खाटांचे रुग्णालय लागते, १५० विद्यार्थ्यांना ६०५ खाटांचे. अगदी ५० विद्यार्थ्यांनाही २२० खाटा लागतात. त्या खाटांपैकी ८० टक्के भरलेल्या असाव्यात अशीही अपेक्षा आहे. नव्या भागीदाराकडे एवढ्या खाटा कुठून येणार? जमीन विकत घेऊन, रुग्णालय बांधून, लोकांचा विश्वास मिळवून त्या भरायच्या तर अनेक वर्षे जातात. त्यापेक्षा सोपा रस्ता म्हणजे महापालिकेचे चालते रुग्णालय ‘संलग्न’ करून घेणे. वाशीचे सार्वजनिक रुग्णालय, नेरूळचे माँसाहेब मीनाताई ठाकरे रुग्णालय, ऐरोलीचे राजमाता जिजाऊ रुग्णालय यांतल्या रुग्णांच्या गर्दीवर कोणत्याही विद्यापीठाचा डोळा जाईल. ती गर्दी आमची आहे. तुर्भे स्टोअरची बाळंतीण, दिघ्याचा हमाल, जुईनगरच्या रेल्वे कॉलनीतले निवृत्त आजोबा, यांच्या आजारपणावर तुमची मान्यता उभी राहणार असेल, तर त्या बदल्यात त्यांना काय मिळणार हे करारात आकड्यांनी लिहा.

महापालिकेने स्वतःच्या रुग्णालयांच्या बळावर पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाचा मार्ग धरला, त्याला आमचा पाठिंबा आहे. निवासी डॉक्टर आले की रात्रपाळीला हात वाढतात, वॉर्डात प्रश्न विचारले जातात, ज्येष्ठांनाही वाचत राहावे लागते. वैद्यकीय शिक्षणाने रुग्णालय सुधारते, हे आम्ही मानतो. पण ते आपोआप सुधारत नाही. त्याचा पुरावा इथून ठाणे-बेलापूर रस्त्याने थोडेच पुढे, कळव्याला आहे.

कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ठाणे महापालिकेचे, ५०० खाटांचे, राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले. महाविद्यालय १९९२ पासूनचे. ऑगस्ट २०२३ मध्ये या रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले. त्या सुमाराला ठाण्याचे जिल्हा शासकीय रुग्णालय नव्या बांधकामासाठी मनोरुग्णालयाच्या आवारात हलवले होते आणि तिथला भार कळव्यावर येऊन पडला होता. पालघर, शहापूर, रायगडपासूनचे रुग्ण तिथे येतात, काही अखेरच्या घटकेला येतात, हेही खरे. चौकशी समिती नेमली गेली. दोन महिने होत नाहीत तोच नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ जण गेले, त्यांत १२ नवजात बाळे होती. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. दोन्ही ठिकाणी दारावर ‘वैद्यकीय महाविद्यालय’ ही पाटी होती. पाटीने ना खाटा वाढल्या, ना परिचारिका.

आणि तरीही जागा वाढतच आहेत. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यात एकाच दिवशी दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत आपल्या जिल्ह्यातले अंबरनाथही होते. एमबीबीएसच्या ९०० जागा वाढल्या. अलिबागचे महाविद्यालय त्याआधीच, २०२१ मध्ये, स्वतःच्या इमारतीविना सुरू झाले होते. विद्यार्थी एका प्रवेश फेरीत मिळतात. शरीररचनाशास्त्राचा प्राध्यापक तयार व्हायला एमबीबीएस, मग एमडी, मग अध्यापनाची वर्षे, असा दीड तपाचा काळ लागतो. मग नवी महाविद्यालये शिक्षक आणतात कुठून? जुन्यांतून ओढून, बदल्या करून, कंत्राटावर घेऊन. खासगी भागीदार आला तर तो जास्त पगार देऊन ओढील, आणि रिकामी खुर्ची राहील सरकारी रुग्णालयात.

काही ठिकाणी तर खुर्ची भरल्याचे नाटकच होते. जून २०२५ अखेरीस सीबीआयने जो गुन्हा नोंदवला, त्यात आरोग्य मंत्रालयातले अधिकारी, आयोगाचे तपासणीस आणि खासगी महाविद्यालयांशी संबंधित माणसे आरोपी आहेत. तपासणी कधी होणार ही गोपनीय माहिती पैसे घेऊन फोडणे, फक्त कागदावर असलेले अध्यापक दाखवणे, तपासणीच्या दिवसापुरते खोटे रुग्ण खाटांवर झोपवणे, बायोमेट्रिक हजेरीत फेरफार करणे, असे आरोप आहेत. न्यायालय काय ठरवायचे ते ठरवील. आयोगाने १ मे २०२५ पासून अध्यापकांची हजेरी चेहरा ओळखून घेण्याची पद्धत लागू केली, ती उगाच नाही. आम्ही इतकेच सांगतो की जुईनगरात असे काही घडले, तर तपासणीच्या दिवशी खाटेवरचा माणूस खरा रुग्ण आहे की रोजंदारीवर आणलेला, हे ओळखायला आम्हाला यंत्र लागणार नाही. तो आमच्याच नाक्यावरून उचललेला असेल.

शुल्काबद्दल बोलताना कोणी आम्हाला ‘स्थानिक विद्यार्थ्यांना संधी’ असे सांगू नये. जुईनगरच्या हाकेच्या अंतरावर नेरूळला डॉ. डी. वाय. पाटील विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय आहे, पुढे कामोठ्याला एमजीएम आहे. दोन्ही अभिमत विद्यापीठे आहेत. अभिमत विद्यापीठांतल्या एमबीबीएसच्या जागा केंद्रीय समुपदेशनातून देशभरासाठी भरल्या जातात. तिथे महाराष्ट्राचा रहिवासी दाखला कामाला येत नाही आणि वार्षिक शुल्क २० लाखांच्या पुढे जाते. या संस्थांनी नियम मोडला असे आम्ही म्हणत नाही, नियमच तसा आहे. म्हणूनच नव्या भागीदारीचा साचा काय असणार हा प्रश्न आम्ही पहिल्याच दिवशी विचारतो. महाविद्यालय नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असेल आणि प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षातून होतील, तर इथल्या मुलाला दार उघडे राहते. अभिमत विद्यापीठाचा दुसरा कॅम्पस म्हणून आले, तर खाटा आमच्या आणि प्रवेश दुसऱ्यांचे, हे होणार. महापालिकेचे एकही रुग्णालय अशा साच्याला जोडू दिले जाणार नाही.

करार करताना महापालिका गाफील राहिली तर काय होते, हे वाशीने पाहिले आहे. सार्वजनिक रुग्णालयाच्या इमारतीतला भाग भाडेपट्ट्याने खासगी रुग्णालय कंपनीला दिला गेला. जानेवारी २०१७ मध्ये अटींचा भंग झाल्याचा आरोप ठेवून महापालिकेनेच तो करार रद्द करण्याचा आदेश काढला. कंपनीने तो अमान्य केला आणि वाद न्यायालयात गेला. बाजू कोणाची खरी हे न्यायालयाचे काम. पण कराराच्या वेळी ठरलेल्या गोष्टी पाळल्या जातात की नाही, हे दर तीन महिन्यांनी लोकांसमोर ठेवण्याची सक्ती असती, तर प्रकरण इथवर आले असते का? शिवाय मे २०२० मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर वर्षानुवर्षे या शहरावर प्रशासक होता. सभागृहात एकही प्रश्न न विचारता मोठे निर्णय घेण्याची सवय त्या काळात लागली असेल, तर ती आता मोडावी.

अटी आधी लिहून भागीदारी करता येते. मुंबईत ते शंभर वर्षांपूर्वी झाले आहे. परळचे केईएम रुग्णालय महापालिकेचे, आणि त्याचे सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय त्या नावाच्या दात्याच्या विश्वस्तांच्या देणगीतून उभे राहिलेले, १९२६ चे. इंग्रजी अमलात, मोठ्या वैद्यकीय पदांवर गोऱ्यांची मक्तेदारी असताना, विश्वस्तांनी अट घातली की इथले अध्यापक भारतीयच असतील. महापालिकेने ती मान्य केली. पैसा खासगी, रुग्णालय लोकांचे, अट लेखी. आज आमच्या घरात कोणाला मोठे दुखणे आले की हार्बर लोकल पकडून आम्ही परळला किंवा सँडहर्स्ट रोडला उतरून जेजेला जातो, ते अशाच संस्थांवरच्या भरवशाने. तो भरवसा नवी मुंबईत का मिळू नये?

आणि जमीन. ही जमीन सिडकोला आकाशातून मिळालेली नाही. १९७० नंतर ९५ गावांची शेते, खाजणे, मिठागरे या शहरासाठी घेतली गेली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली योग्य मोबदल्यासाठी उभ्या राहिलेल्यांपैकी पाच जण पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. आगरी-कोळी घरांतल्या तिसऱ्या पिढीला त्याच जमिनीवरच्या रुग्णालयात सुरक्षारक्षकाचीच नोकरी मिळणार असेल, तर त्यांचा राग आम्ही शांत करायला जाणार नाही, त्यांच्या बाजूला उभे राहू. परिचर्या, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, क्ष-किरण तंत्रज्ञ यांचे अभ्यासक्रम त्याच आवारात, पहिल्या वर्षापासून सुरू झाले पाहिजेत, आणि त्यात प्रकल्पग्रस्त गावांतल्या मुलामुलींसाठी शुल्कमाफी हवी.

तर आमची मुदत अशी. हा इशारा प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांच्या आत महापालिका आणि सिडको यांनी जाहीर करावे की वैद्यकीय शिक्षणासाठी कोणत्या विद्यापीठाशी बोलणी चालू आहेत, कोणता भूखंड किंवा कोणते रुग्णालय त्यात गुंतले आहे आणि कोणत्या दराने. बोलणी नसतील तर ‘नाहीत’ असे लेखी सांगावे, तेही आम्हाला पुरेल. बोलणी असतील, तर कोणत्याही सामंजस्य कराराचा मसुदा सहीच्या ६० दिवस आधी, पूर्ण मराठीत, प्रभाग कार्यालयांत आणि संकेतस्थळावर ठेवावा आणि जुईनगरात जाहीर सुनावणी घ्यावी. मसुद्यात चार गोष्टी नसतील तर तो आम्हाला मान्य नाही: मोफत खाटांची संख्या आणि त्या वाढत जाण्याचे वर्षवार वेळापत्रक, अध्यापकांची आणि परिचारिकांची पदे भरल्यानंतरच प्रवेश, दर तिमाहीला मृत्यू, रिक्त पदे आणि औषधसाठ्याचा जाहीर अहवाल, आणि अट मोडल्यास न्यायालयाच्या दारात न जाता रुग्णालय महापालिकेच्या ताब्यात परत येण्याचे कलम. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाची अटही त्यात घाला. जानेवारी २०२३ मध्ये राज्यातल्या निवासी डॉक्टरांना वसतिगृहांसारख्या साध्या मागण्यांसाठी संप करावा लागला होता, आणि त्या दिवसांत रांगेत ताटकळले ते रुग्ण.

राजकीय पुढाऱ्यांनी तोवर ‘आमच्या प्रयत्नांना यश’ असे फलक लावू नयेत. लावले तर त्याच फलकाखाली उभे राहून आम्ही विचारू की खाटा किती.

पालकांना या हंगामासाठी एवढेच सांगणे. महाविद्यालयाचे नाव आणि त्या वर्षीच्या मंजूर जागा आयोगाच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा. नाव नसेल तर जागा अडवून ठेवण्यासाठी एक रुपयाही देऊ नका. पावतीवर ‘समुपदेशन शुल्क’ असे लिहिलेले पैसे परत मिळवणे फार कठीण जाते. ‘भागीदार’, ‘संलग्न’, ‘सहयोगी’ यांपैकी कोणता शब्द दिसला, तर परवानगीच्या पत्राची प्रत मागा आणि ती आम्हालाही दाखवा.

मुदत संपली आणि उत्तर आले नाही, तर ३१ व्या दिवशी माहिती अधिकार कायदा, २००५ खालचे अर्ज महापालिका, सिडको आणि मंत्रालयात एकाच वेळी दाखल होतील. कोणत्याही महाविद्यालयाचा प्रस्ताव आयोगाकडे गेल्याचे कळले, की मूल्यांकन मंडळाकडे आमची हरकत पोहोचेल, वॉर्डांतल्या खाटांच्या आणि रिक्त पदांच्या नोंदींसह. लोकांना न विचारता करार झाला, तर त्याविरुद्ध उच्च न्यायालयात जनहित याचिका आणि जुईनगर स्थानकापासून नेरूळ, सीवूड्समार्गे बेलापूरच्या महापालिका मुख्यालयावर मोर्चा. त्या मोर्चात रुग्णवाहिकेसाठी वाट मोकळी ठेवली जाईल. बाकी कोणासाठी नाही.